दाराच्या कडीला टांगलेली पिशवी

एप्रिल २०२०. दिल्लीच्या मालवीय नगर भागात पिझ्झा पोचवणाऱ्या एका मुलाला करोना झाल्याचं कळलं आणि ७२ कुटुंबांना विलगीकरणात राहावं लागलं. आमच्याकडेही तेव्हा बाहेरून आलेलं पार्सल आधी गॅलरीत ऊन खात बसायचं, दुधाची पिशवी आंघोळ करूनच फ्रिजमध्ये जायची.

भीती अगदीच निराधार नव्हती. प्रयोगशाळेत हा विषाणू पुठ्ठ्यावर २४, तर प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला होता. पण सापडणं वेगळं आणि बाधणं वेगळं. प्लॅस्टिकवरही त्याचं प्रमाण साधारण सात तासांत निम्म्यावर येत होतं. खरा धोका हवेतून, म्हणजे बंद, गजबजलेल्या हॉटेलात बसून जेवण्याचा. गंमत बघा, ज्या पार्सलला आपण घाबरलो, तेच जास्त सुरक्षित ठरलं!

मग जेवण मागवायच्या अ‍ॅपवर ते पोचवणाऱ्याच्या अंगाचं तापमान दिसू लागलं. सुट्ट्या पैशांची कटकट क्यूआर कोडने मिटवली. ‘बाहेरचं कशाला?’ म्हणणाऱ्या आमच्या आईने पहिली ऑर्डर तेव्हाच दिली, इडली-सांबाराची. पिशवी कडीला टांगून मुलगा लिफ्टकडे गेलाही. त्याला पाणी विचारायचं राहिलं, म्हणून ती दिवसभर हळहळत होती.