परतलेला मुलगा, निघालेली लेक

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. १६०८ साली इथे जन्मलेले नारायण ठोसर पुढे समर्थ रामदास झाले. बोहल्यावरून निघून गेलेला हा मुलगा बारा वर्षं तप आणि बारा वर्षं तीर्थाटन करून घरी आला, तेव्हा माता राणूबाईंची दृष्टी गेली होती आणि त्याच्या हाताच्या स्पर्शाने ती परत आली, असं परंपरा सांगते.

ही गोष्ट ब्युनोस आयर्सला घडती, तर तिचा टँगो झाला असता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या शहरातली जवळपास निम्मी वस्ती परदेशातून आलेली होती आणि तीत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा होता. १९१७ मध्ये कार्लोस गार्देलने ‘मी नोचे त्रिस्ते’ गायलं आणि नाचाचा टँगो गाण्याचाही झाला. या गाण्यांत प्रेयसी सोडून जाते, दोस्त पाठ फिरवतात; आई तेवढी गरीब वस्तीतल्या घरात वाट बघत असते. गार्देलला त्याच्या आईने, बेर्त गार्देसने, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून एकटीने वाढवलं. आईवरच्या टँगोत आणि तिथल्या वॉल्ट्झ गाण्यांतही बोलतो तो बहुधा मुलगा. त्याने आईला रडवलेलं असतं, आता तो क्षमा मागतो.

मराठवाड्यात आईवरची गाणी पहाटे जात्यावर झाली आणि ती गायली लेकीने. तिने काही चूक केलेली नसते. तिला लग्न करून पाठवलेलं असतं. त्यामुळे ओवीत पश्चात्ताप नाही, ओढ आहे: दिवाळीला मुराळी येईल का, पहिलं बाळंतपण माहेरी होईल का, आई गेल्यावर भावजय उंबऱ्यात उभी राहून ‘या’ म्हणेल का. मला या शेवटच्या ओव्या सगळ्यांत जड वाटतात. आई असेपर्यंत माहेर. नंतर उरतं ते भावाचं घर, हे सासुरवाशिणीला पक्कं ठाऊक असतं. सीतेचा वनवास गाताना तर बाई तिच्या बाळंतपणापाशी थबकते, कारण रानात सीतेजवळ आई नव्हती.

मुलगा परत येऊ शकतो, म्हणून त्याच्या गाण्याला क्षमेचा शेवट मिळतो. लेक येते ती चार दिवसांची पाहुणी होऊन, पुन्हा निघण्यासाठीच. म्हणून तिची ओवी संपत नाही, दळण संपेस्तोवर एकीला दुसरी जोडली जाते. टँगोतली आई घरात बसून असते. ओवीतली आईही कधीकाळी अशीच कुणाच्या तरी घरून निघालेली लेक असते आणि हे गाणारी विसरत नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे संकेतस्थळ त्या लोकांपुढे आणत आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. ध्वनिमुद्रणात दळणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो, दमसासावर ओळ कुठे तुटते ते कळतं. छापील संग्रहात हे हाती लागत नाही.

गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. अंबड, मंठा, परतूरकडे ज्या आज्यांना ओव्या येतात त्यांच्यापाशी मोबाइल घेऊन या दिवाळीत जरूर बसावं. नोंद करताना गाणारीचं सासरचं गाव सगळेच लिहितात, माहेरचंही लिहावं. ओवी आईकडून आलेली असते, तेव्हा तिचा माग लावायचा तर त्याच गावी जावं लागेल.