घरची बोली आणि शाळेचे माध्यम

गासशेजारच्या भुईगावी १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास १८८२ मध्येच मिळाला होता. दोन्ही लेख प्राकृतात आहेत. धम्म लोकांना कळावयाचा, तर तो लोकभाषेतच हवा. विनयपिटकातील चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागतात. भगवान ती नाकारतात आणि आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा देतात. ('आपली' म्हणजे मागधीच, असा अर्थ बुद्धघोषाने लावला, आम्हांस तो पटत नाही.)

आज हाच प्रश्न पालकांपुढे शाळाप्रवेशाच्या वेळी उभा राहतो. गासच्या सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोलतात, पालघरच्या पाड्यांवर वारली. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी या दोन्ही घरांतील मुलांना शिकूनच घ्यावी लागते, पण ती त्यांच्या बोलीची सख्खी शेजारीण आहे. सामवेदी समाजातूनच आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठीचे लेखक झाले आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षही.

पालक इंग्रजी माध्यम हौसेने घेतात, असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा इंग्रजी शाळेतच असतात. इंग्रजीचे मोल आपल्या समाजास कोणी सांगावयास नको. बाबासाहेबांनी आपले प्रबंध इंग्रजीत लिहिले. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) मात्र मराठीत चालविले. ज्याच्याशी बोलावयाचे, त्याची भाषा. शिवाय माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे.

परंतु इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजीतून शिकणे वेगळे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे. घरात शिकणारी पहिलीच पिढी असलेले मूल गणित, परिसर आणि परकी भाषा ही तिन्ही ओझी एकदम उचलते, तेव्हा ते पाठांतराचा आश्रय घेते. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून आणि माध्यमिक इंग्रजीतून चालते. तेथेही या सांध्यावर मुले अडखळतात. तेथील खेड्यांतले पालकही इंग्रजी मागतात, कारण नोकरी इंग्रजीकडे बोट दाखविते. त्यांना दोष कसा द्यावा?

आमचे म्हणणे इतकेच : प्रवेश घेण्यापूर्वी चौथीच्या वर्गात जावे आणि एखाद्या मुलास विज्ञानाचा धडा स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावे. तो कोणत्या भाषेत सांगतो, हे नंतर पाहावे. सांगू शकतो का, हे आधी.