जखम भरली, ड्युटीचं काय?

फेब्रुवारी २०१७. मुंबई महापालिकेच्या मतदानादिवशी लेखिका शोभा डे यांनी एका स्थूल पोलिसाचा फोटो टाकून बंदोबस्ताची थट्टा केली. तो पोलिस मुंबईचा नव्हताच. मध्य प्रदेशातला निरीक्षक होता, वजन सुमारे १८० किलो. या टवाळीनंतर मुंबईच्याच सैफी रुग्णालयात त्याच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली.

अशा बातम्या किती किलो उतरले तेवढंच सांगतात. पण पोलिस, हमाल, गवंडी यांचा प्रश्न वेगळा असतो: कामावर कधी जायचं?

वजन घटवण्याच्या ‘स्लीव्ह’ प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. दुर्बिणीतून केलेली असेल, तर बैठं काम दोन-तीन आठवड्यांत जमतं. ओझं उचलायला मात्र साधारण चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. बाहेरची छिद्रं लवकर भरतात, आतला पोटाचा पडदा नाही. घाई केली तर तिथे हर्निया होऊ शकतो.

खरी परीक्षा पाण्याची. तहान लागली म्हणून गटागटा अर्धी बाटली रिकामी करणं आता शक्य नसतं. घोट घोट, दिवसभर, तेही जेवणाच्या वेळी नाही. भर उन्हात स्लॅबवर उभ्या माणसाला हे सांगणं सोपं, पाळणं कठीण. मुकादमाने अधूनमधून पाच मिनिटं दिली नाहीत, तर चक्कर ठरलेली.

शिवाय चरबीबरोबर स्नायूही झडतात. म्हणून रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं लागतात: अंडी, पनीर, डाळ, मासे. डब्यातल्या चार पोळ्यांची जागा तीच घेतात. लोह आणि बी-१२च्या गोळ्या तर कायमच्याच.