पेंव, विहीर व टांकी यांत उतरण्यापूर्वीं

विहीर उपसतांना किंवा टांकी साफ करतांना आंत उतरलेला मनुष्य कोसळला, त्यास काढावयास दुसरा उतरला, तोही वर आला नाहीं, अशीं वृत्तें वरचेवर वाचावयास मिळतात. दफ्तरीं त्यांची नोंद 'अकस्मात मृत्यु' अशी होते. परंतु ज्याचें कारण ठाऊक आहे व उपाय हातांत आहे, त्यास अकस्मात म्हणणें कितपत योग्य, याचा विचार शेतमालकानें अवश्य करावा. कारण उतरणारा बहुधा त्याचा गडी किंवा मुलगाच असतो.

जवळचें उदाहरण सांगलीनजीकच्या हरिपूरचें. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गांवचीं हळदीचीं पेंवें प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं बरींच खराब झालीं. अरुंद तोंडाचें व मोठ्या पोटाचें पेंव बंद केलें म्हणजे आंतील प्राणवायु हळूहळू खर्च होतो व कार्बन डायऑक्साइड वायु सांठतो. त्यामुळें किडीस जगणें कठीण होतें व माल टिकतो. मालास जें तारक, तेंच माणसास मारक. म्हणून पेंव उघडल्यावर तें कांहीं तास तसेंच ठेवून मग उतरण्याची रीत पडली.

विहिरीचेंही तसेंच आहे. चांगल्या हवेंत शेंकडा सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. तळाशीं पाला व गाळ कुजला म्हणजे तो घटतो, आणि हवेच्या दीडपट जड असा कार्बन डायऑक्साइड तेथें बसून राहतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. गोबरगॅसच्या टांकींत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु असतो. त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलें कीं नाकच बधिर होतें. तेव्हां वास गेला म्हणजे धोका टळला, असें समजूं नये. विहिरींत डिझेल एंजिन चालविल्यास त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडही असाच घातक होय.

कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल अपुरी आहे. कंदील विझला तर उतरूं नये, हें खरें; पण तेवत राहिला म्हणून हवा निर्धोक ठरत नाहीं, कारण विषारी वायूंची परीक्षा ज्योतीनें होत नाहीं. गोबरगॅसच्या टांकीजवळ तर ज्योत मुळींच नेऊं नये. तेथील मिथेन पेटून स्फोट होतो.

मग करावें काय? प्रथम, काम वरूनच होत असल्यास कोणासही उतरवूं नये. पंप सांखळीनें ओढून घ्यावा. उतरणें भागच असेल तर पंख्याची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा आधीं व काम चालू असेपर्यंत खेळवावी, आणि वायुमापक यंत्रानें वर, मध्यें व तळाशीं हवा तपासावी. उतरणाऱ्याच्या अंगास पट्टा व दोर बांधावा. दोर कप्पीवरून घेऊन वर दोन माणसें सतत उभीं ठेवावीं. त्यास गरगरलें किंवा त्यानें हांकेस ओ दिली नाहीं, तर तत्काळ ओढून घ्यावें.

१९४८ च्या कारखाने कायद्यानें ३६ व्या कलमांत, विषारी वायु असण्याचा संभव असलेल्या टांकींत वा खड्ड्यांत शिरणाऱ्यासाठीं, हवा निर्धोक असल्याचा जाणत्या माणसाचा लेखी दाखला, किंवा श्वसनयंत्र, पट्टा व बाहेरच्या माणसाच्या हातीं दोर, असा दंडक घातला होता. तो कारखान्यांपुरता होता; वायु मात्र कारखाना व शेत असा भेद करीत नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आंतला मनुष्य पडला तर त्याच्यामागें कोणीही उडी घेऊं नये. दोर ओढावा, हवा सोडावी, ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. ज्या हवेनें पहिल्यास पाडलें, ती दुसऱ्याच्या धैर्याकडे पाहून बदलत नाहीं. हें घरांतील प्रत्येकास व प्रत्येक गड्यास काम सुरू होण्याआधींच सांगून ठेवावें.