कोण कोणासोबत जेवतं

मित्रांबरोबर हॉटेलात जाऊन खाणं ही शहरात आज इतकी साधी गोष्ट झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल, हे सहसा मनात येत नाही. ‘सात वाजता, नेहमीच्या ठिकाणी’ एवढं फोनवर ठरतं, चार खुर्च्या ओढल्या जातात, कुणी मिसळ मागवतं, कुणी डोसा, आणि एकाच्या बशीतला घास दुसरा उचलतो. अशा उचललेल्या घासासाठी महाराष्ट्रात माणसांना वाळीत टाकलेलं आहे. खाण्याच्या जागांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक सगळं चवीबद्दल. मला मात्र अशा जागेची ओळख दोन प्रश्नांवरून पटते : इथे कोण कोणासोबत बसू शकतं, आणि किती वेळ?

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या प्रेरणेने तिथे परमहंस सभा स्थापन झाली. जात मोडायची तर आधी ताट एक करावं लागेल, हे या तरुणांना स्वच्छ कळलं होतं. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, मुसलमानाने दिलेलं पाणी प्यावं लागे. हे सगळं दाराआड, गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढे तीस वर्षांनी पुण्यात तसाच प्रकार घडला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हाती धरला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली, ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपभर चहासाठी पुण्यातली सर्वांत मोठी माणसं कित्येक महिने खुलासे देत होती.

तिसरी गोष्ट कोल्हापूरची आहे आणि ती मला या सगळ्यांत मोठी वाटते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांच्या मदतीने त्यांनी शहरात चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक येणार कुठून? मग महाराज आपली गाडी तिथे थांबवत, स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. पुण्याच्या चहात नावं फुटण्याची भीती होती. इथे राजा भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असा पीत होता.

२६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे : धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेल का यावं, हे ज्याला वेगळी कपबशी मिळत होती त्याला विचारायची गरज नव्हती. खेडोपाडी ती कपबशी कायद्यानंतरही बरीच वर्षं टिकली. शहराने तिला लवकर मोडीत काढलं, याचं मोठं श्रेय इराण्यांना जातं.

यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या या लोकांनी मुंबईत नाक्यानाक्यावर हॉटेलं थाटली. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. दोन रस्त्यांवर उघडणारी ती जागा सगळ्यांसाठीच सोयीची ठरली. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, पुण्यात डेक्कनचं गुडलक १९३५ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, आणि गल्ल्यावर बसलेला मालक जो जात विचारत नसे. गोदीतला हमाल, कोर्टातला कारकून आणि कॉलेज बुडवून आलेली पोरं एकाच रांगेत ब्रून-मस्का चहात बुडवत. भिंतीवर सूचनांच्या पाट्या मात्र कडक. निस्सीम इझिकेल यांनी बस्तानी कॅफेच्या पाटीवरूनच एक कविता केली. अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये मित्रांसोबत बसत. खिडकीतून दिसणारा तो चौक २००४ मध्ये त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आला.

एका चहावर दोन तास बसू देणं इराण्याला परवडत कसं होतं? दिलदारी होतीच, पण त्यामागे भाड्याचा हिशोब होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली. पागडीच्या जागेत महिन्याचं भाडं किरकोळ, म्हणून चहा स्वस्त आणि गिऱ्हाइकाला उठवायची घाई नाही. शहरातली कितीतरी मैत्री, कितीतरी नाटकमंडळ्या आणि युनियनच्या बैठका या गोठलेल्या भाड्यावर पोसल्या गेल्या. मालकांची पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात गेली, भागीदारांचे वाद झाले, जागेला कोटींचा भाव आला आणि एकेक इराणी बंद पडला. आपण हळहळतो ते मावा केकसाठी. माझ्या मते खरं नुकसान त्या दोन तासांचं आहे.

गिरणगावातल्या खानावळींची गोष्ट वेगळी. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार एका खोलीत दहा-बाराजणांसोबत पाळीपाळीने झोपे आणि महिन्याच्या बोलीने खानावळीत जेवे. त्या चालवणाऱ्या बायाच होत्या. त्यांच्यावर सावकाराचं कर्ज असे आणि संपाच्या दिवसांतही त्या उधारीवर वाढत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी चौदाजणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि त्यांच्यासाठी बँकेचं दार उघडलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्या पंगती विस्कटल्या. पण शेजारी-शेजारी बसून जेवल्यामुळे गाववाल्यांच्या बाहेरही मैत्री होते, हे मुंबईच्या कामगाराला खानावळीने शिकवलं.

मध्यमवर्गीय मराठी माणसाचं बाहेरचं खाणं दादर, गिरगाव आणि पुण्याच्या पेठांत घडलं. दादर स्टेशनबाहेरचं मामा काणे १९१० पासूनचं. माटुंग्याला उडुपी मंडळींनी इडली-डोसा आणला आणि १९४२ मध्ये रामा नायक यांनी केळीच्या पानावरचं जेवण सुरू केलं. पुण्यात जगन्नाथ शेट्टींनी वैशाली-रूपाली नावारूपाला आणली आणि फर्ग्युसनच्या मुलांच्या पिढ्या तिथे वाढल्या. या जागांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. गर्दीच्या वेळी तुमच्या टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसतो. दादरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा खाताना समोरच्या आजोबांनी ‘पियूष घ्या’ असं सुचवलं तर त्यात वावगं काही नसतं. कोल्हापुरात हीच सवय हॉटेलाबाहेर, रस्सा मंडळांत दिसते. मित्र पैसे जमवतात, मटण आणतात, स्वतः रांधतात. नागपुरात कोष्टी समाजाच्या सावजी भोजनालयांनी झणझणीत रश्शावर शहराला एकत्र आणलं.

बायका कुठे होत्या? ‘फॅमिली रूम’मध्ये. इराण्याकडे आणि उडुप्याकडे लाकडी आडोशाची, कधी पडद्याची एक खोली असे. नवऱ्यासोबत किंवा भावासोबत आलेल्या बाईने तिथे बसायचं. मैत्रिणी-मैत्रिणींनी बाहेरच्या टेबलावर बसून चहा मागवणं ही मोठी हिंमत होती आणि सगळं हॉटेल त्यांच्याकडे बघत राही. ती नजर मोडली भिशीने. दर महिन्याला ठरावीक रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. आधी भिशी घरी होई. जिच्या घरी असे ती सकाळपासून बटाटेवड्यांत गुंतलेली आणि सगळ्या जेवून उठल्यावर शेवटी स्वतः बसलेली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की यजमानीणही मैत्रीणच आहे, तिलाही बसायला मिळालं पाहिजे. भिशी हॉटेलात गेली. दुपारी तीन ते सहा, हॉटेल रिकामं असतं त्या वेळी, बारा-पंधरा बायका टेबलं जोडून बसतात. मंचुरियन मागवतात, जे १९७५ मध्ये मुंबईतच नेल्सन वांग यांनी जन्माला घातलं. वन बाय टू सूप सांगतात आणि मनमोकळं हसतात. भिशीची टर उडवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. मला ती मुळीच पटत नाही. दुसऱ्याने रांधलेलं, दुसऱ्याने वाढलेलं, गरम असताना खाण्याची संधी या बायकांनी स्वतःच्या बचतीतून मिळवली आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेत आज सर्वांत जास्त एकत्र जेवणारी मंडळी म्हणजे स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली. लातूर, बीड, नांदेड, सोलापूरहून आलेली. अभ्यासिकेत खुर्ची, कॉट बेसिसवर जागा आणि महिन्याची मेस. पैसे ओढाताणीचे असले की दोघांत एक डबा. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते, आणि आठवड्यातली तीच एक वेळ बाहेर खाण्याची. भुर्जी-पावची गाडी, पावभाजी, नाहीतर एखादी थाळी. अनलिमिटेड थाळीवर ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ ही पाटी असते. मालकाची अडचण मला कळते, तरी ती पाटी वाचून मागे फिरणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं. बिलाच्या वेळी काँट्री निघते. पुण्याचं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, कंजूषपणाचं लक्षण मानलं जातं, पण ज्यांच्या घरून महिन्याला मोजके पैसे येतात त्यांच्यात तेच मैत्री टिकवतं. कुणालाही कुणाच्या उपकारात राहावं लागत नाही. एखाद्याची पोस्ट निघाली की मात्र पार्टी त्याच्याकडे, आणि त्या दिवशी हिशोब कुणी करत नाही.

गेल्या तीस वर्षांतले बदल सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे आहेत. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स आलं, पाठोपाठ कॉफीची दुकानं आली आणि तरुण जोडप्यांना कुणी हटकणार नाही अशी थंडगार जागा मिळाली. ही त्यांची खरी देणगी, बर्गर नव्हे. पुढे मोबाइलवरून घरपोच खाणं आलं. २०२० च्या टाळेबंदीनंतर ५ ऑक्टोबरला राज्यात हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा लोक जेवणाइतकेच समोरच्या चेहऱ्यासाठी गेले होते.

पण वेळ मात्र आखडत चालला आहे. नव्या भाड्यात नवं हॉटेल काढणाऱ्याला एका संध्याकाळी तेच टेबल तीनदा भरावं लागतं. शनिवार-रविवारी ‘दीड तासासाठीच टेबल मिळेल’ हे फोनवरच सांगतात. गप्पा रंगात येतात तोच बिल समोर ठेवलं जातं. आणि कोण कोणासोबत बसतं हा प्रश्नही संपलेला नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहांच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी वेगळी टेबलं राखली गेली. तिथे निषेध म्हणून मांसाहार केल्यावरून दहा हजार रुपयांचा दंड झाला. कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र शेजारच्याच्या ताटात काय आहे यावरून टेबल वेगळं मागणं हा पंचहौदच्या चहाकडे जाणारा रस्ता आहे, असं मला गंभीरपणे वाटतं.

या सगळ्यात एक माणूस अजून बसलेला नाही : वाढणारा. पूर्वी तो कोकणातला, उडुपीकडचा असे. आता ओडिशा, झारखंड, ईशान्य भारत, नेपाळ इथून आलेला असतो. तो दुपारी चारला आणि रात्री बारानंतर जेवतो, बऱ्याचदा मोरीशेजारी उभ्याने. बिलात परस्पर लावला जाणारा सेवा-आकार त्याच्यासाठी आहे असं सांगितलं जाई. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तो सक्तीने लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. ग्राहक म्हणून मला हे योग्य वाटतं. पण त्याच वेळी यूपीआयमुळे खिशातली रोकड गेली आणि बडीशेपेच्या वाटीखाली ठेवलेली नोटही गेली. बिल फोनने भरलं तरी टिप रोख, त्याच्या हातात द्यावी. आमच्या काँट्रीत आता तो एक वाटा आधीच धरलेला असतो.