कण्याच्या पोकळीतली चरबी

चरबी म्हटली की आपण पोटाकडे बघतो. पण मणक्यांच्या आतल्या पोकळीतही, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, थोडी चरबी असतेच. ती तिथं गादीचं काम करते. ती बेसुमार वाढली तर मात्र पंचाईत होते, कारण भोवती हाड आहे. पोट सुटतं, हाडाची पोकळी सुटत नाही. सगळा दाब नसांवर येतो. पाठ दुखते, पाय बधिर होतात, चार पावलं चाललं की बसावंसं वाटतं.

हा विकार म्हणजे ‘एपिड्युरल लायपोमॅटोसिस’. १९७५ साली त्याची पहिली वैद्यकीय नोंद झाली, ती मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाची. कॉर्टिसॉल हे संप्रेरक किंवा त्याच्यासारखं काम करणारं स्टेरॉइड जास्त झालं की चरबी आपली जागा बदलते: हातपाय बारीक होतात, चेहरा, मानेमागचा भाग, पोट फुगतं. कण्याची पोकळीही त्याच वाटेवर. कुशिंग्ज सिंड्रोमच्या काही रुग्णांत हे कॉर्टिसॉल शरीर स्वतःच वाढवतं. पण जास्त रुग्ण दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे किंवा लठ्ठ असतात. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड सापडलेलं आहे, म्हणून डॉक्टरांना त्या पुड्यांबद्दलही सांगायलाच हवं.

निदान एमआरआयवर होतं. कमरेच्या आडव्या छेदात नसांची पिशवी चहूबाजूंनी दबून कधी तीन टोकांची दिसते. वजन उतरवलं, स्टेरॉइड कमी केलं की अनेकदा चरबीही ओसरते. मात्र गोळ्या मनाने एकदम थांबवू नयेत. बाहेरच्या स्टेरॉइडमुळे सुस्तावलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत आणि जीवावर बेतू शकतं. पायांतली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तातडीनं शस्त्रक्रिया करून दाब काढावा लागतो.