जपानचे जेवण : पाहिलेले आणि रांधलेले

आपल्याकडे वसंत ऋतू आला की गावोगाव व्याख्याने भरतात. जपानात वसंत ऋतू आला की कामगार संघटना वेतनवाढीची बोलणी सुरू करतात. १९५५ साली तेथील काही संघटनांनी आपापल्या मागण्या एकाच वेळी मांडण्याचे ठरविले, आणि तेव्हापासून दरवर्षीच्या या मोहिमेला ‘शुन्तो’ म्हणजे ‘वसंतातला लढा’ असे म्हणतात. हा शुन्तो जवळून पाहावा म्हणून २०२५ च्या वसंतात काही कामगार कार्यकर्त्यांबरोबर आम्ही दोन आठवडे जपानात काढले. तेव्हा आम्ही वेतनावर बोलावे अशी अपेक्षा कोणी केली असेल तर ती गैर नाही. परंतु वेतन शेवटी ताटात उतरते. त्या ताटावरूनच आज दोन गोष्टी सांगण्याचा विचार आहे.

पहिल्या सकाळी आम्ही स्टेशनाजवळच्या एका साध्या खाणावळीत गेलो. समोर एक तबक आले. डावीकडे भाताचा वाडगा, उजवीकडे ‘मिसो’ घातलेल्या सारासारख्या पातळ पदार्थाचा वाडगा; पलीकडे भाजलेल्या मासळीचा एक तुकडा, थोडी उकडलेली पालेभाजी आणि मुळ्याचे लोणचे. जपानी जेवणाची जुनी मांडणी ‘इचिजू सान्साइ’, म्हणजे एक सार आणि तीन तोंडीलावणी, अशी सांगतात. भात आणि लोणचे हे त्यात गृहीतच धरलेले असतात. आपल्या ताटात मीठ-लिंबू कोठे आणि आमटी कोठे हे जसे ठरलेले, तसेच हे. शेजारच्या बाकावरील माणसाने हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हटले आणि मगच काड्या उचलल्या. ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’ असा त्याचा साधारण अर्थ. २०१३ साली युनेस्कोने ‘वाशोकु’ या जपानी आहारपरंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. तिचा पाया मेजवानीत नसून अशा रोजच्या तबकात आहे, असे आमचे मत झाले.

आता प्रश्न असा, की फोडणी नाही, मसाला नाही, तेल जवळजवळ नाही, तरी त्या साराला चव कोठून आली? याचे उत्तर ‘दाशी’ या पाण्यात आहे. ‘कोंबु’ नावाचे वाळविलेले समुद्रशेवाळ पाण्यात भिजत घालून हळूहळू तापवितात. उकळी फुटण्याच्या आत ते काढून घेतात. मग ‘कात्सुओबुशी’चा, म्हणजे शिजवून, धुरावून आणि लाकडासारखी कठीण होईपर्यंत वाळविलेल्या मासळीचा, पातळ कीस त्यात टाकून गाळतात. या पाण्यावर जपानी स्वयंपाक उभा आहे. १९०८ साली तोक्योच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबुतून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. १९१३ साली शिन्तारो कोदामा यांना मासळीच्या किसात इनोसिनेट हे दुसरे द्रव्य सापडले. ही दोन द्रव्ये एकत्र आली म्हणजे चव केवळ दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. स्वयंपाकघरातील बायकांना हे मिश्रण शास्त्राच्या फार आधी माहीत होते. शास्त्राने त्याचे कारण सांगितले.

श्रोत्यांत शाकाहारी मंडळी पुष्कळ असतील. त्यांनी निराश होऊ नये. कोंबुबरोबर वाळविलेल्या शिइताके अळंब्या घातल्या तरी हेच कार्य होते. ओसाकाच्या दक्षिणेकडील डोंगरात कोयासान हे कूकाई या आचार्यांनी नवव्या शतकात स्थापलेले तीर्थक्षेत्र आहे. तेथील अनेक मठांत यात्रेकरूंना मुक्काम आणि ‘शोजिन’ जेवण मिळते. त्यात मांस नाही, मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचे वाटण आणि ‘कुझु’ नावाच्या कंदाचे सत्त्व घोटून केलेली मऊ वडी तेथे आम्ही खाल्ली. तसेच ‘कोया-दोफु’ खाल्ले. सोयाबीनच्या दुधाचे पनीर डोंगरावरच्या कडाक्याच्या थंडीत गोठवून वाळवावयाचे आणि मग रसात शिजवावयाचे, अशी त्याची मूळ रीत. थंडीलाच कामाला लावण्याची ही युक्ती. याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारला गेला. त्या पुतळ्यासमोर उभे राहून नंतर मठाच्या पंक्तीत बसताना आम्हांस परक्या मुलुखात आल्यासारखे वाटले नाही.

ओळखीची दुसरी खूण ‘कारी’ची. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात इंग्रजांमार्फत जपानात गेला आणि आज तो तेथे घरोघर होतो. परंतु इंग्रजी वळणाच्या त्या दाट रश्शाखेरीज हिंदी पद्धतीची कारी तोक्योतील नाकामुराया या दुकानाने १९२७ साली विकावयास काढली, ती क्रांतिकारक राशबिहारी बोस यांच्यामुळे. १९१५ साली हिंदुस्थानातून निसटून गेलेल्या बोसांना त्या दुकानाच्या मालकांनी आसरा दिला आणि पुढे त्यांची मुलगी बोसांच्या घरी सून म्हणून नव्हे, तर स्वतंत्र संसाराची सहचारिणी म्हणून आली. आसऱ्याची परतफेड पाककृतीने झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे सारे गोडच आहे असे मात्र नाही. आम्ही गेलो तेव्हा दुकानातून पाच किलो तांदळाच्या पिशवीवर चार हजार दोनशे येनच्या आसपास किंमत दिसे. आपले सुमारे अडीच हजार रुपये झाले. वर्षापूर्वी याच्या निम्म्याच्या आसपास भाव होता. सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. मे महिन्यात तर ‘मला तांदूळ विकत घ्यावा लागतच नाही, लोक भेट देतात’ अशा अर्थाचे बोलणे करणाऱ्या शेतीमंत्र्यांना जावे लागले. १९६२ साली जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खात असे. आज तो त्याच्या निम्म्याहूनही कमी खातो. तरीसुद्धा तांदळाच्या भावावर मंत्री जातो. जपानला याची जुनी सवय आहे. १९१८ च्या जुलैत तोयामा प्रांतातील कोळ्यांच्या बायका तांदूळ जहाजात चढू देईनात. भाव भडकलेले असताना गावचा तांदूळ बाहेर जातो हे त्यांना सहन झाले नाही. तो वणवा देशभर पसरला आणि सप्टेंबरात मंत्रिमंडळ कोसळले. पुढच्याच जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतही महागाईपायी लाखाहून अधिक कामगार संपावर गेले होते. दोन्हीकडे भुकेचा हिशेब एकच होता.

परत आल्यावर आम्ही ठरविले की पाहिले तेवढ्यावर समाधान मानावयाचे नाही. घरी करून पाहावयाचे. येथे एक कबुली देणे भाग आहे. श्रमाच्या प्रतिष्ठेवर तीस वर्षे भाषणे केली, पण चुलीशी आमचा संबंध चहापुरताच होता. बाजारातून मिसो आणि कोंबु आणले. पहिल्याच दिवशी कोंबु खळखळ उकळले. पाणी बुळबुळीत आणि किंचित कडवट झाले. मिसोही आम्ही आमटीसारखा रटरटविला आणि त्याचा सुवास उडून गेला. सौ. दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, ज्वाळा कमी करा म्हणून मी तीनदा सांगितलं. तुमचं लक्ष पुस्तकात.” त्यांनी मिसो पूर्वी पाहिला नव्हता. पण भांड्याच्या आवाजावरून त्यांना कळत होते ते आम्हांस छापील पानावरून कळत नव्हते.

दुसऱ्या खेपेस त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबु अर्धा तास भिजविले, मंद आचेवर तापविले, कडेला बुडबुडे धरताच काढून घेतले. त्या पाण्यात दुधी आणि अळंब्या शिजविल्या. मग गॅस बंद करून, वाटीभर पाण्यात कालविलेला मिसो त्यात सोडला. माणशी एक मोठा चमचा पुरतो. मिसो म्हणजे शिजविलेले सोयाबीन, मीठ आणि ‘कोजी’ यांचे महिनोन् महिने मुरविलेले मिश्रण. कोजी ही तांदळावर किंवा जवावर मुद्दाम वाढविलेली बुरशी. ती पिठूळ अंशाची साखर करते आणि प्रथिने फोडून चव मोकळी करते. एवढे मुरलेले असल्यामुळे त्याला पुन्हा शिजविण्याची गरज नसते. भातासाठी इंद्रायणी तांदूळ घेतला, कारण तो शिजल्यावर थोडा चिकट होतो आणि काडीने उचलता येतो. पाणी नितळ येईपर्यंत धुवावा, अर्धा तास भिजवावा, वाटीस सव्वा वाटीहून किंचित कमी पाणी घालावे, मंद आचेवर शिजवून झाकण न उघडता दहा मिनिटे ठेवावा. शेवटच्या दहा मिनिटांत आमचा हात दोनदा झाकणाकडे गेला आणि दोन्ही वेळा तो अडविण्यात आला.

या खटपटीत आम्हांस जे कळले ते प्रवासात कळले नव्हते. तबकात पाच लहान वाडगे दिसतात तेव्हा ते सुबक वाटतात. पण पाच वाडगे म्हणजे पाच भांडी, पाच वेळचे धुणे-चिरणे आणि एका जिवाचे सकाळी लवकर उठणे. जपानातही हा भार मुख्यतः बायकांवरच आहे. आज तेथील पुष्कळ घरांत तयार दाशीची पूड वापरतात. त्यावर संस्कृती बुडाली म्हणून हळहळणाऱ्या पाहुण्याने आधी आठवडाभर स्वतः दाशी करून पाहावी. जपानी शाळांत मुले पांढरे कपडे घालून आपल्या वर्गाला जेवण वाढतात, हे अनेकांनी ऐकले असेल. शाळेतील जेवणाची सुरुवात तेथे १८८९ साली त्सुरुओका गावात गरीब मुलांसाठी झाली आणि १९५४ साली त्याचा कायदा झाला. वाढण्याचे काम लहानपणीच मुलगे आणि मुली दोघांच्याही हाती पडते, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. ते मुलगे मोठे झाल्यावर घरी किती हात लावतात, हा प्रश्न जसा त्यांचा तसाच आपलाही.

जेवण संपल्यावर जपानी माणूस ‘गोचिसोसामा’ म्हणतो. या शब्दात धावपळ करणे असा अर्थ दडलेला आहे. पाहुण्यासाठी कोणीतरी धावपळ केली, तिची ही जाणीव. आमच्या घरी आता रविवारचा भात आम्ही लावतो. गेल्या रविवारी तो खाली थोडा लागला. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी खरवड काढून स्वतःच्या पानात घेतली. पुढच्या रविवारी ती आमच्या पानात पडावी, एवढी सुधारणा आम्ही ठरविली आहे.